मॉरिस आंबा घाटात उभी आहे

इंजिन ना? आहे की. इंजिन नसायला काय झालं — घरात आहे, चुलीमागे, गोणपाटाखाली. चोरीला जाईल म्हणून नाय हो, कोण नेतोय ते धूड — आमच्या ह्यांना कोणीतरी सांगितलं की दमट हवेत लोखंड गंजतं, त्याला ऊब हवी, म्हणून ते माझ्या आमटीच्या शेजारी शेकत बसलंय. घरी कोणी आलं की विचारतं, आज काय शिजतंय एवढं मोठं. बाकीचं सामान पण आहे सगळं, एक खिळा हरवलेला नाय — बारीक स्क्रू कुळथाच्या डब्यात, नळ्या शिंक्यावर, आणि ते कार्बोरेटर का काय म्हणतात ते लोणच्याच्या बरणीत. रिकाम्या बरणीत हो. म्हंजे आता रिकाम्या. असा चेहरा पाडू नका भाऊ, आत या, डोकं सांभाळा, गोठ्याचा वासा खाली आहे. मला वाटलं, तुम्हाला इथं धाडलं त्या युसुफने सगळं सांगितलं असेल. तुम्ही मुंबईचे, जुन्या विलायती गाड्या गोळा करता, नीट करता, हो ना? मग न्या. आजच न्या. ट्रक आणलाय ना? वर सड्यावर, माळावर उभा केलात? बरं केलंत, खाली आणला असता तर वाडी गोळा झाली असती. आमचे हे गुहागरला गेलेत, जयगडची खाडी होडीने ओलांडून, ते दिवेलागणीच्या एस्टीने उतरतील. तेवढ्यात गाडी हलली पाहिजे. ते समोर असले तर देणार नाहीत, आणि ते समोर असले तर मला पण... ते असो. उरकून टाकू.

ही बघा. थांबा, कांबळं मीच काढते, धूळ उडेल. मॉरिस. मॉरिस मायनर. मायनर म्हंजे लहान असं हे सांगतात. गोठाभर झालीये आणि म्हणे लहान. माझी तांबू गाय हिच्यापायी पडवीत गेली — गाय पडवीत आणि गाडी गोठ्यात, असं तुम्ही कुठं बघितलंय? तांबू रोज स्वयंपाकघरात तोंड घालून माझ्याकडं बघते, की बाई गं, माझं काय चुकलं. काय सांगू तिला. आता गाभण आहे, आज-उद्या व्यायची, वासरू काय मी माजघरात ठेवू? म्हणूनच विकायची. दुसरं काही कारण नाय. तुम्ही बघा हो, वाकून बघा, ठोकून बघा — जरा हळू ठोका.

तुम्ही म्हणाल, माणूस मेकॅनिक असेल. कसला मेकॅनिक. लिफ्टमन. फोर्टात एका मोठ्या इमारतीत तीस वर्षं लिफ्ट चालवली ह्यांनी. गाडी चालवता येते का? नाय. सायकल पण येत नाय. मी म्हटलं, मग ही ब्याद कशाला, तर म्हणाले, आयुष्यभर वर गेलो नि खाली आलो, पुढं कधी गेलोच नाय. आता ह्यावर बायकोने काय बोलायचं? एशियाड झालं ना, त्या साली कायमचे घरी आले. तोवर काय, गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, पाहुण्यासारखे यायचे नि पाहुण्यासारखे जायचे, मी पण पाहुण्यासारखंच वाढायचे. मुलगा मोठा झाला, बाळा, तो पण तिकडंच गेला. मग हे आले कायमचे, आणि घरात दोघंच — तर बोलायचं काय? ते ओटीवर, मी चुलीपाशी. मी दारात आले की उठून दार धरून उभे राहायचे, सवय हो ती. माझी भाची आली होती माहेरपणाला, उंबऱ्यात उभी, तर हे तिला विचारतात, ‘कितवा?’ — ती बिचारी लाजून म्हणाली, ‘तिसरा.’ हे म्हणाले, ‘सांभाळून,’ आणि दार लावून घेतलं.

गाडी मूळची युसुफच्या आजोबाची, मुसा खलाशाची. बोटीवर होता, चार पैसे जमवले, मुंबईत कुठल्याशा साहेबाकडून ही घेतली आणि दोन मचवे एकमेकांना बांधून, वर फळ्या टाकून समुद्रातून आणली. आणली खरी, पण तेव्हा आमच्याकडं गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं — बोटीवरचा माणूस, त्याला वाटलं पाणी असतं तसा रस्ता पण सगळीकडं असतोच. मग काय, आली ती फणसाखाली ठेवली आणि फणसाखालीच राहिली. गंज किती ते विचारू नका, बोट टेकवलं की आरपार. युसुफची बायको हाजरा तिच्यात कोंबड्या ठेवायची. ह्यांनी मागितली तर म्हणाली, ‘न्या काका, पन मागच्या शीटवर कोंबडी अंड्यांवर बसलीय, पिलां निघू द्या नि मग न्या.’ झालं, हे रोज सकाळी उठून तिकडं, पिल्लं निघाली का बघायला. आमचा बाळा झाला तेव्हा ह्यांना रजा मिळाली नव्हती. कोंबडीच्या बाळंतपणाला मात्र हजर.

मग घासणं सुरू. काथ्या आणि राख — विहिरीवर एका दगडावर मी टोप घासतेय आणि दुसऱ्या दगडावर हे दार घासतायत, येणारी-जाणारी माणसं विचारायची, वहिनी, जावई आणलाय का कामाला. त्यात युसुफ मिळाला. युसुफ होड्या बांधतो, चांगल्या बांधतो, पण होडीच ना? तो म्हणाला, ‘लाकूड काय नि लोखंड काय काकी, खारा वारा दोघांना सारखाच खातो,’ आणि होडीला फासतात ते माशाचं तेल त्याने हिला आतून-बाहेरून फासलं. जिथं भोक दिसलं तिथं कापूस नि राळ ठोकून बुजवलं. खालच्या पत्र्याला पाणी जायला म्हणून मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, होय ना? तुम्हाला माहीत, आम्हाला काय माहीत. युसुफने खाली वाकून बघितलं नि म्हणाला, ‘विलायतेतला सुतार कच्चाच दिसतो, तळाला भोकं ठेवून कोन बांधतो?’ — बुजवली. श्रावणात गोठ्याचं कौल सरकलं, गाडीला तेव्हा काचा नव्हत्या, सगळं पाणी आत. एक थेंब बाहेर आला नाय. शीटपर्यंत भरली. मी करवंटीने उपसतेय, बेडूक उड्या मारतायत, आणि हे दोघं दारात उभे राहून एकमेकांची पाठ थोपटतायत — बघ, कुठं गळत नाय.

वास येतोय ना? आता तरी उडालाय, महिनाभरापूर्वी यायला हवं होतं. त्या मांजराकडं लक्ष देऊ नका, ते टपावरच असतं. ते गाडीबरोबर येणार नाय. म्हंजे येईल, सांगता येत नाय.

अहो, ते डाव्या बाजूचं गोणपाट राहू दे. राहू दे म्हणतेय ना — काढलंत. बरं. बघा आता. रंग होडीचाच, निळा, खाली पांढरा पट्टा, आणि ते नाव. युसुफ म्हणाला, बिननावाची होडी आम्ही पाण्यात टाकत नाय. म्हणून नाव. ‘श्री चिमा प्रसन्न.’ हो, चिमा. देवी म्हणावी तर ह्या पंचक्रोशीत अशी देवी नाय. मग वाडीत जे बोलायचं ते बोलले — मुंबईची असणार, तीस वर्षं माणूस एकटा राहिला, लिफ्टमध्ये बायका चढतात नि उतरतात. शेजारची सखू तर माझं सांत्वन करायला आली, पदर डोळ्याला लावून, जाताना फणसाचे गरे घेऊन गेली. मी तिला काय बोलले नाय. तुम्हाला पण नाय बोलणार. तुम्हाला काय, वरून रंग मारलात की गेलं नाव.

नाय, नावामुळं विकत नाय. आणि खरं सांगायचं तर गाईमुळं पण नाय, गाय काय, गाईला मांडव घालता येतो. लग्नामुळं. आमच्या वाडीतल्या सदूच्या मैनाचं लग्न झालं, त्या दिवसामुळं. सदूला हौस, मुलगी मोटारीतून मांडवात गेली पाहिजे. मी ह्यांना म्हटलं, अहो, इंजिन चुलीमागे आहे. तर म्हणाले, उतार आहे, आणि पुढं केरूचे बैल जुंपू. जुंपले. बैलांच्या शिंगांना गोंडे, गाडीला झेंडूच्या माळा, आणि चकाकली पाहिजे म्हणून ह्यांनी आदल्या दिवशी ताजं तेल फासलं, हात राखून नाय, चांगलं निथळेपर्यंत. देवळापर्यंतचा रस्ता तो केवढा. पहिल्या वळणाला एक मांजर आलं. मी म्हटलं, येऊ दे, मांजर आहे. दुसऱ्या वळणाला वाडीतली सगळी. पुढं तर ओळखीची पण नव्हती, आरे-वारेकडची असावीत, अंगाने भरलेली. बँडवाले पुढं, मग बैल, मग नवरी, आणि मागं वऱ्हाडाच्या जागी मांजरं, शेपट्या वर करून. नवऱ्याकडची माणसं मांडवातून उठून बघायला आली. त्यांच्यातली एक म्हातारी मला विचारते, तुमच्यात अशी पद्धत आहे का?

तिथवर पण मी गिळलं असतं. पण नवरीला उतरवायला गेले तर दार उघडेना. उजवीकडून काढावी तर मधे चाक, शालूसकट नवरी सरकेना. डावं दार — त्याला हँडल नाय ना, आतून नाय नि बाहेरून नाय, युसुफने दोरी बांधलेली, खलाशाची गाठ, ओढली की आवळत जाते. हे रोज सोडतात, पण त्या दिवशी शंभर माणसं बघतायत, घाईत उलटीच ओढली, जास्तच आवळली. युसुफला बोलवा म्हटलं तर शुक्रवार, युसुफ नमाजाला. बरं, कापून टाका. आमच्याकडं पुरुषांच्या कमरेला आकडी असते आणि आकडीला कोयती, झोपताना तेवढी काढतात — पण लग्न म्हणून सगळे नवे लेंगे घालून आलेले, अख्ख्या मांडवात एकाजवळ कोयती नाय. भटजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू केली, मुहूर्त कोणासाठी थांबत नाय. शेवटी मामाने मैनाला खिडकीतून ओढून काढली, शालू फाटला, मुंडावळ्या गाडीत राहिल्या, आणि तिच्या मांडीवर बसलेलं एक मांजर तिच्याबरोबर अंतरपाटापर्यंत गेलं. नवऱ्याने अंतरपाट बाजूला झाल्यावर पहिलं बघितलं ते मांजर.

तुम्ही हसा. मला नाय हसू आलं. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, लोकांनी माझ्या तोंडावर हसायचं बाकी होतं ते पण झालं, आता मेले तरी पुन्हा ह्या गाडीत पाय ठेवणार नाय. आणि नाय ठेवला, लग्नापासून नाय. त्याच रागात युसुफला सांगितलं, गिऱ्हाईक बघ. आणि बघा ना त्याने लगेच बघितलं, मेला एरवी सांगितलेलं काम महिनाभर करत नाय.

पाय ठेवायचा म्हंजे काय, काय नाय. आपलं संध्याकाळचं. तांबूला पेंढा टाकला की जरा वेळ. बसायचं. मी डावीकडं, ते उजवीकडं. चालू नाय तर बसता कशाला? अहो, तुम्ही देवळात बसता ते देऊळ कुठं चालतं? बसतो आपले. ते आधी माझ्या बाजूची दोरी सोडतात, मी बसले की परत बांधतात, मग पुढून वळसा घालून येतात, बसतात, चाक धरतात नि विचारतात, ‘कुठं?’ पहिल्या दिवशी मी म्हटलं, कोल्हापूर. अंबाबाई बघितली नव्हती ना कधी. मग निघालो. निघालो म्हंजे बसूनच, कसं सांगू तुम्हाला — ते तोंडाने आवाज करतात, चाक फिरवतात, आणि डावीकडून काय येतंय ते सांगायचं काम माझं. मी सांगते, म्हैस आली, ते थांबतात. म्हैस गेली की निघतात. रोज थोडं थोडं जायचं, जिथं थांबलो तिथून दुसऱ्या दिवशी पुढं. तिकडं हसू नका भाऊ, मांजर बिचकतं.

हातखंब्यापर्यंत नुसतं म्हैस आली, म्हैस गेली. पालीला गेल्यावर मी ह्यांना सांगितलं की बाळा रांगत होता तेव्हा मला विंचू चावला होता. तर ह्यांनी गाडी बाजूला घेतली, तो ब्रेक ओढला, नि म्हणाले, मला का नाय कळवलंस. म्हटलं, कळवून काय, तुम्ही येईपर्यंत विंचू म्हातारपणाने मेला असता. हसले. मी लग्न झाल्यापासून ह्या माणसाला इतकं हसताना बघितलं नव्हतं, मागची एक दाढ नाय ते मला तेव्हा कळलं. मग नाणीजच्या चढावर ते बोलले. म्हणाले, लिफ्टमध्ये आरसा होता, तीस वर्षं त्यात स्वतःचंच तोंड बघितलं, तुझं तोंड आठवावं म्हणून डोळे मिटायचो नि मजला चुकायचा, साहेब ओरडायचे. आता सांगा, असं ओटीवर बसून कोणी बोलतं का? ओटीवर नाय बोलत हो. ओटीवर पंचांग बघतात. गाडीत दोघांनी पुढं बघायचं असतं, एकमेकांकडं नाय, म्हणून बोलता येतं. मी पण किती बोलले, मला माहीत नव्हतं माझ्यात इतकं आहे. साखरप्याच्या अलीकडं माझं माहेर, तिथं तर त्यांनी गाडी इतकी हळू केली —

अहो, तिथं नको. तिथं नका बसू, भाऊ. चाकाकडं बसा, मागं बसा, वाटलं तर टपावर मांजराशेजारी बसा. ती जागा... ती गादी मी केलीये, घरच्या सावरीच्या कापसाची. उतरा. थांबा, ओढू नका, आवळते ती. मी सोडते.

तुम्हाला सांगते, हे गुहागरला कशाला गेलेत. तिथं कोणाच्या तरी खुराड्याला मॉरिसचं हँडल लावलंय असं ह्यांच्या कानावर आलं. आतलं. डाव्या दाराचं, आतून उघडायचं. मैनाचं लग्न झालं त्या संध्याकाळी मी बोलत नव्हते, तर हे भिंतीकडं बघून म्हणाले, इतके दिवस मी तिला बांधून बसवत होतो, तिला मधेच उतरावंसं वाटलं असतं तर? ती म्हंजे मी. भिंतीला सांगत होते. आणि आज पहाटे उठून गेले, एवढी खाडी ओलांडून, कोंबड्यांच्या दारात हात जोडायला — कशासाठी, तर मला उतरता यावं म्हणून. आणि मी इथं तुमच्याबरोबर त्यांची गाडी मोजतेय. माझंच डोकं ठिकाणावर नाय.

चिमा ना? चिमा मीच. लग्नात नाव बदलतात ना, ताटात तांदूळ पसरून त्यावर लिहितात, सासरी मी विमला झाले. चिमा म्हणून हाक मारणारी माहेरची माणसं गेली एकेक करून. साखरप्याला गाडी हळू करून ह्यांनी विचारलं, इथं तुला काय म्हणायचे? सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर डोळ्यावर चष्मा चढवून रंगाचा डबा घेऊन बसलेले, आणि युसुफ मागून सांगतोय, काका, वेलांटी पहिली. घरात अजून ‘अगं ए’ म्हणतात. तोंडाने नाय म्हणवत त्यांना, लिहिता आलं तेवढं लिहिलं, ते पण गाडीच्या दोन्ही बाजूंना. सखूला मी सांगितलेलं नाय. तिला रडू दे, तिला आवडतं.

नाय, देणार नाय. कितीही सांगा. गाडी बघायला आलात, गाडी बघितलीत, झालं. तांबूला इथंच मागं जागा करते, गाडी थोडी पुढं ढकलली की मावेल, ती काय अंबाबाईला नाय म्हणणार आहे? हे आमसूल घ्या, रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि ट्रक वळवताना आमच्या कुंपणाच्या गडग्यावर घालू नका. एस्टीच्या थांब्यावर एक म्हातारा उतरलेला दिसेल, एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात बहुतेक कोंबडी, खुराडेवाल्याने फुकट काय दिलं नसणार. त्याच्याशी बोलू नका. तुम्हाला बघून तो उगाच तुमच्या ट्रकचं दार धरून उभा राहील आणि आम्हाला उशीर होईल.

चला, निघा आता. त्या लग्नापासून आंबा घाटात मधोमध उभे आहोत आम्ही, चाकाला दगड लावून. अंधार पडायच्या आत घाट चढायला हवा.